उशाशी कोण?

ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीस तमिळनाडूत निवडणूक अधिकाऱ्यांकडे काही अर्ज दाखल झाले. तंजावर, अरवकुरिची आणि तिरुपरनकुंड्रम या तीन मतदारसंघांत मतदान व्हायचे होते. अण्णा द्रमुकच्या उमेदवारांना ‘दोन पाने’ हे चिन्ह मिळावे म्हणून पक्षाच्या सरचिटणीसांनी सही करून द्यायचे हे अर्ज. दर निवडणुकीत असतात तसेच. या वेळी मात्र सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा होता. सोबत एका सरकारी डॉक्टरांचा दाखला होता: श्वासनलिकेवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्या हाताला सूज आहे, सही करता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतः माझ्यासमोर अंगठा उठवला आहे.

तो अंगठा जे. जयललितांचा होता. २२ सप्टेंबरच्या रात्री ताप आणि शरीरातले पाणी कमी झाल्याच्या तक्रारीवरून त्या चेन्नईच्या ग्रीम्स रोडवरील अपोलो रुग्णालयात दाखल झाल्या. तेव्हापासून त्यांचा एकही फोटो बाहेर आला नव्हता. राज्यपाल जाऊन आले, राहुल गांधी जाऊन आले, दिल्लीहून मंत्री आले. प्रकृती सुधारत असल्याचे सगळ्यांनी सांगितले. सात कोटी लोकांच्या राज्याला आपल्या मुख्यमंत्र्यांची खूण दिसली ती त्या निळसर ठशातून. पुढे तोही कोर्टात गेला. मार्च २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच ठशाच्या वादातून तिरुपरनकुंड्रमची निवडणूक रद्दबातल ठरवली. तोवर जयललिता जाऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि तिथून निवडून आलेले आमदारही हयात नव्हते.

नेता गेल्यावर वारसाहक्काची भांडणे पेटतात, असे आपण सहज म्हणून जातो. तमिळनाडूचा इतिहास नीट पाहिला की ध्यानात येते, भांडणाचा पाया आजारपणातच घातला जातो. खोलीत कोणाला सोडायचे, कोणाला बाहेर बसवून ठेवायचे, डॉक्टरांशी कोणी बोलायचे, कागदावर अंगठा कोणी उठवून घ्यायचा, हे ठरवणाऱ्याच्या हाती त्या काळात राज्याची किल्ली असते. पण ती किल्ली पुढे टिकते का? या एकाच पक्षात, एकाच शहरात, एकाच रुग्णालयाच्या साक्षीने हा प्रयोग दोनदा झाला. दोन्ही वेळा उशाशी असलेल्या माणसाच्या हातून सत्ता निसटली. का निसटली, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

आधी कायद्याचे बघू. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, हे राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये आहे. मुख्यमंत्री शुद्धीवर नसेल, बोलू शकत नसेल, सही करू शकत नसेल तर काय करायचे, याबद्दल घटनेत अक्षरही नाही. अमेरिकेत केनेडींच्या हत्येनंतर हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९६७ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाच्या असमर्थतेची रीत लिहून ठेवली गेली. आपल्याकडे वाट काढावी लागते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कलम १६६(३) चा आधार घेऊन जयललितांची खाती ओ. पनीरसेल्वम यांच्याकडे दिली. मुख्यमंत्री जयललिताच राहिल्या, मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षपद पनीरसेल्वम यांच्याकडे गेले. हे जयललितांच्या सल्ल्यानेच झाले, असे राजभवनाच्या पत्रकात म्हटले होते. घशात नळी असलेल्या रुग्णाने हा सल्ला कसा दिला, हा प्रश्न विरोधकांनी तेव्हाच विचारला.

गोव्यातल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी होते. मार्च २०१८ मध्ये उपचारांसाठी अमेरिकेला जाताना त्यांनी तीन मंत्र्यांची समिती नेमली, पण मुख्यमंत्रीपद सोडले नाही. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी घालून त्यांनी अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. १८ तारखेला संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले आणि त्याच रात्री उशिरा, घड्याळाच्या हिशेबाने १९ तारखेला, प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. छोट्या मित्रपक्षांना सांभाळण्यासाठी दोन उपमुख्यमंत्री करावे लागले आणि त्याच वर्षाच्या जुलैपर्यंत दोघेही पदावर राहिले नव्हते. घटना मुकी असली की अशी रात्रपाळी करावी लागते.

तमिळनाडूत मात्र आजारपण स्वतःच राजकारणाचे भांडवल झाले, आणि ते फार आधीपासून. जानेवारी १९६७ मध्ये सिनेनट एम. जी. रामचंद्रन, म्हणजे एमजीआर, यांच्यावर सहकलाकार एम. आर. राधा यांनी गोळी झाडली. गोळी मानेत घुसली, आवाज कायमचा बदलला. मानेला पट्टी बांधलेल्या एमजीआरचा रुग्णालयातला फोटो पोस्टर होऊन गावोगाव लागला. प्रचाराला न जाता ते निवडून आले आणि त्यांच्या द्रमुक पक्षाने काँग्रेसला राज्यातून बाहेर काढले. त्या पोस्टरचा धडा एमजीआर विसरले नाहीत.

दोन वर्षांनी ३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई कर्करोगाने गेले. पक्षातले ज्येष्ठ व्ही. आर. नेदुंचेळियन हंगामी मुख्यमंत्री झाले. तेच पुढेही राहतील असे वाटत असताना आठवडाभरात बाजी करुणानिधींनी मारली, आणि त्यांच्यामागे आपले वजन टाकणाऱ्यांत एमजीआर होते. वारस कसा घडवला जातो हे एमजीआरनी तेव्हा आतून पाहिले. पुढे करुणानिधींशी बिनसले, १९७२ मध्ये त्यांनी अण्णा द्रमुक काढला, १९७३ च्या दिंडिगुल पोटनिवडणुकीत ‘दोन पाने’ हे चिन्ह घेऊन पहिला विजय मिळवला आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. नेदुंचेळियनही पुढे त्यांच्याच पक्षात आले. त्यांचे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

५ ऑक्टोबर १९८४ च्या रात्री एमजीआर अपोलोत दाखल झाले. मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्यातच पक्षाघाताचा झटका आला. जयललिता तेव्हा राज्यसभेच्या खासदार आणि पक्षाच्या प्रचारप्रमुख होत्या. पडद्यावर दोघांची जोडी अठ्ठावीस चित्रपटांत गाजलेली. पण रुग्णालयाचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले. आत पत्नी जानकी होत्या आणि त्यांच्या बाजूला जयललितांचे कट्टर विरोधक, चित्रपट निर्माते व मंत्री आर. एम. वीरप्पन. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एमजीआरना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या रुग्णालयात हलवण्यात आले.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेबरोबर विधानसभेचीही निवडणूक लागली. मुख्यमंत्री सातासमुद्रापार, बोलणे बंद. पक्षाने ब्रुकलिनहून आलेली चित्रफीत राज्यभर दाखवली. त्यात एमजीआर खात आहेत, कोणाकडे बघून हसत आहेत, एवढेच. विरोधकांनी आयुष्य वेचलेल्या भाषणांपेक्षा ती मुकी फीत लोकांच्या काळजाला भिडली. अण्णा द्रमुकला १३२ जागा मिळाल्या, मित्रपक्ष काँग्रेसला ६१. एमजीआर मतदारसंघात पाऊलही न टाकता आंडिपट्टीतून निवडून आले. फेब्रुवारी १९८५ मध्ये परत येऊन त्यांनी शपथ घेतली.

पुढची तीन वर्षे त्यांचे बोलणे अडखळत होते आणि त्यांनी उत्तराधिकारी नेमला नाही. जयललितांना जवळ करायचे, मग दूर लोटायचे, वीरप्पन यांना मोठे करायचे, मग खाते बदलायचे. माझ्या मते यात निष्काळजीपणा नव्हता. ज्या माणसाने १९६९ मध्ये दुसऱ्याचा वारस घडवला, त्याला ठाऊक होते की वारसाचे नाव जाहीर झाले की दरबार त्याच्या दाराशी हलतो. म्हणून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाची खुर्चीच रिकामी ठेवली.

२४ डिसेंबर १९८७ च्या पहाटे एमजीआर रामावरमच्या घरी गेले. जयललिता तिथे धावल्या, तर पार्थिव मागच्या बाजूने राजाजी हॉलकडे नेण्यात आले होते. त्या तिथे पोहोचल्या आणि पार्थिवाच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी तेरा तास, दुसऱ्या दिवशी आठ तास. विरोधी गोटातल्या बायका त्यांच्या पायावर पाय देत होत्या, चिमटे काढत होत्या, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या हलल्या नाहीत. अंत्ययात्रेच्या वेळी तोफगाड्यावर चढताना त्यांना ढकलून खाली पाडण्यात आले आणि हे सगळे कॅमेऱ्यांसमोर झाले. तीन वर्षांपूर्वी बंद दाराबाहेर राहिलेली बाई आता लाखो लोकांच्या नजरेसमोर होती. रुग्णाच्या खोलीत त्यांना जागा मिळाली नव्हती. लोकांच्या मनात मात्र त्या दोन दिवसांत मिळाली.

इकडे आमदारांची मोजदाद सुरू झाली होती. नेदुंचेळियन पुन्हा एकदा हंगामी मुख्यमंत्री झाले, अठरा वर्षांनी, आणि पुन्हा एकदा त्यांना बाजूला व्हावे लागले. वीरप्पन यांनी स्वतः पुढे न येता जानकींना पुढे केले. ९७ आमदारांनी जानकींना पाठिंबा दिला. जयललितांकडे तिसाच्या आसपास राहिले. ७ जानेवारी १९८८ रोजी जानकी तमिळनाडूच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. राजकारणाची त्यांना हौस नव्हती, अनुभवही नव्हता. पतीच्या गटाने त्यांना खुर्चीवर बसवले होते.

काँग्रेसचे साठच्या घरातले आमदार कोणाकडे झुकतात यावर सगळे अवलंबून होते आणि राजीव गांधींनी जानकींविरुद्ध मत द्यायचे ठरवले. २८ जानेवारीला विश्वासदर्शक ठराव आला. अध्यक्ष पी. एच. पांडियन जानकींच्या बाजूचे. सभागृहात माइक उखडून फेकले गेले, बाहेरची माणसे आत घुसली, पोलिसांनी सभागृहातच लाठ्या चालवल्या, रक्ताळलेले आमदार बाहेर आले. त्या गदारोळात अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले. दोन दिवसांनी, ३० जानेवारीला, केंद्राने सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावली.

वर्षभराने निवडणूक झाली. निवडणूक आयोगाने ‘दोन पाने’ गोठवली होती. जयललिता गटाला कोंबडा मिळाला, जानकी गटाला कबुतरांची जोडी. मतविभागणीचा फायदा करुणानिधींना होणार, हे सगळ्यांना दिसत होते आणि झालेही तसेच. तेरा वर्षांनी द्रमुक सत्तेवर आला. मात्र अण्णा द्रमुकमधली भाऊबंदकी मतदारांनी एका फटक्यात मिटवली. जयललितांना २७ जागा आणि एकवीस टक्क्यांच्या आसपास मते. जानकींना सुमारे नऊ टक्के मते आणि दोनपेक्षा जास्त जागा नाहीत. एमजीआरच्या आंडिपट्टीतून खुद्द जानकी पडल्या. यानंतर त्यांनी जे केले त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. हट्ट न धरता त्या राजकारणातून बाजूला झाल्या, दोन्ही गट एकत्र आले, आयोगाने ‘दोन पाने’ परत दिली. मार्च १९८९ मध्ये मदुराई पूर्व आणि मरुंगापुरीच्या पोटनिवडणुका पक्षाने त्याच चिन्हावर जिंकल्या. १९९१ मध्ये जयललिता मुख्यमंत्री झाल्या.

चिन्हाचे महत्त्व इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे. एमजीआर हात वर करून दोन बोटे दाखवत. ती म्हणजे दोन पाने. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला उमेदवाराचे नाव माहीत नसले तरी चालत असे. भिंतीवर दोन हिरवी पाने काढली की प्रचार पुरा. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातला पंधरावा परिच्छेद सांगतो, पक्ष फुटला तर खरा पक्ष कोणता हे आयोग ठरवेल. महाराष्ट्राने धनुष्यबाण आणि घड्याळाच्या वादात हाच परिच्छेद पाहिला, फक्त तिथे कारण मृत्यू नव्हते. आमदार किती, खासदार किती, पक्षसंघटना कोणाकडे, हे आयोग मोजतो. उशाशी कोण होते, हा निकष कुठेच नाही.

आता २०१६ कडे परत येऊ. एमजीआरनंतर जयललितांनी पक्ष असा बांधला की त्यात सरचिटणीस एक आणि बाकी सगळे कार्यकर्ते. मंत्री त्यांच्या पायावर लोटांगण घालत. कोर्टाच्या निकालांमुळे पद सोडावे लागले तेव्हा २००१ आणि २०१४ मध्ये त्यांनी पनीरसेल्वम यांना मुख्यमंत्री केले. ‘अम्मां’च्या, म्हणजे जयललितांच्या, खुर्चीवर बसायचे पनीरसेल्वम यांनी दोन्ही वेळा टाळले आणि त्या परत आल्या तेव्हा पद निमूटपणे परत दिले. त्यांची पात्रता तीच होती.

घरात मात्र व्ही. के. शशिकला होत्या. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणाऱ्या शशिकला जयललितांच्या सभांचे चित्रीकरण करता करता त्यांच्या पोएस गार्डनमधल्या घरी राहायला आल्या आणि घरच्या झाल्या. डिसेंबर २०११ मध्ये जयललितांनी त्यांना नातेवाइकांसह पक्षातून काढून टाकले. काही महिन्यांनी फक्त शशिकलांना परत घेतले. कोणतेही सरकारी पद नसताना तिकिटे, बदल्या, भेटी यांवर त्यांची छाप असल्याचे राज्यात सगळे मानत. अपोलोतल्या पंचाहत्तर दिवसांत खोलीच्या आत त्या होत्या, बाहेर मंत्री बाकांवर बसून होते.

४ डिसेंबरच्या संध्याकाळी हृदय बंद पडले, ५ डिसेंबरला रात्री साडेअकराला मृत्यू घोषित झाला, आणि दोन तास व्हायच्या आत राजभवनात पनीरसेल्वम शपथ घेत होते. दुसऱ्या दिवशी राजाजी हॉलमध्ये पार्थिवाच्या उशाशी शशिकला उभ्या होत्या आणि भोवती तेच नातेवाईक होते, ज्यांना जयललितांनी पाच वर्षांपूर्वी हाकलले होते. त्याच हॉलमध्ये, तशाच जागी, एकोणतीस वर्षांपूर्वी जयललिता उभ्या होत्या. पण जयललितांना तेव्हा कोणी तिथे उभे राहू देत नव्हते, आणि शशिकलांना कोणी हटवू शकत नव्हते. लोकांनी हा फरक बरोबर टिपला. ‘अम्मांना भेटू का दिले नाही?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून बसपर्यंत विचारला जात होता.

२९ डिसेंबरला पक्षाच्या जनरल कौन्सिलने शशिकलांना हंगामी सरचिटणीस नेमले. एमजीआरनी पक्षघटनेत लिहिले होते की सरचिटणीसाची निवड सर्व प्राथमिक सदस्य करतील. नेमणुकीने हे पद द्यायची तरतूद कुठे आहे, अशी हरकत निघाली. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी आमदारांनी त्यांना विधिमंडळ पक्षनेतेपदी निवडले आणि पनीरसेल्वम यांनी राजीनामा दिला. आता फक्त शपथविधी राहिला होता.

शपथ देणारे राज्यपाल मात्र चेन्नईत नव्हते. विद्यासागर राव हे तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि तमिळनाडू त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून. ते ९ फेब्रुवारीपर्यंत चेन्नईला आलेच नाहीत. शशिकला यांच्याविरुद्धच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवडाभरात येणार, हे ६ तारखेला कळले होते. घटनेने दिरंगाईला मुदत घातलेली नाही. राज्यपालांच्या वाट पाहण्यात गेलेल्या त्या चार दिवसांनी तमिळनाडूचा मुख्यमंत्री बदलला, असे म्हणायला हरकत नाही. निवडून आलेल्या नेत्याला असे ताटकळत ठेवणे योग्य की अयोग्य यावर घटनातज्ज्ञांत तेव्हा दोन तट पडले. मला ते अयोग्य वाटते, निकाल पुढे काहीही लागो. कारण ही सवलत उद्या कोणीही, कोणाहीविरुद्ध वापरू शकतो.

त्या पोकळीत ७ फेब्रुवारीच्या रात्री नऊच्या सुमारास पनीरसेल्वम एकटे मरीना किनाऱ्यावर जयललितांच्या समाधीपाशी आले आणि डोळे मिटून बसले. चाळीस मिनिटे. वाहिन्यांच्या गाड्या जमल्या. उठल्यावर ते म्हणाले की माझा राजीनामा जबरदस्तीने घेतला. सोळा वर्षे मान खाली घालून वावरलेला माणूस बोलला, याचाच धक्का मोठा होता. दुसऱ्या दिवशी शशिकला गटाने आमदारांना बसमध्ये घालून कूवत्तूरच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर नेले. १४ फेब्रुवारीला निकाल आला: चार वर्षे कारावास, दहा कोटी दंड. त्याच दिवशी शशिकलांनी सेलम जिल्ह्यातले मंत्री एडाप्पडी पलानीस्वामी यांना नेतेपदी बसवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचे दिनकरन यांना पक्षाचे उपसरचिटणीस केले, जयललितांच्या समाधीवर तीनदा हात आपटून शपथ घेतली आणि त्या बंगळुरूच्या तुरुंगाकडे निघाल्या.

१८ फेब्रुवारीला पलानीस्वामी यांनी विश्वासदर्शक ठराव १२२ विरुद्ध ११ मतांनी जिंकला. सभागृहात पुन्हा खुर्च्या-माइकची मोडतोड झाली, द्रमुकच्या आमदारांना उचलून बाहेर काढले, फाटक्या शर्टाने बाहेर आलेले करुणानिधींचे पुत्र एम. के. स्टालिन यांचा फोटो देशभर छापला गेला.

लोकांची सहानुभूती पनीरसेल्वम यांच्याकडे होती, मग आमदार त्यांच्याकडे का गेले नाहीत? १९८८ शी ताडून पाहिले की उत्तर सापडते. जानेवारी १९८८ मध्ये विधानसभेचे तीन वर्षांहून अधिक आयुष्य संपले होते, आमदारांना निवडणूक तशीही जवळ दिसत होती. २०१७ मध्ये विधानसभा निवडून येऊन नऊ महिने झाले होते. सव्वाचार वर्षांचे आमदारपद पणाला लावायला कोणीच तयार नव्हते. दुसरे कारण पक्षांतरबंदी कायद्याचे. १९८५ च्या मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होत असे. २००३ मध्ये ही सवलत काढून टाकली गेली. त्यामुळे असंतुष्टांना आत राहूनच सौदा करणे भाग होते.

पलानीस्वामी यांनी हा हिशेब कोणाहीपेक्षा आधी मांडला असावा. शशिकलांनी त्यांना जागा धरून ठेवायला बसवले होते. ते तिथे मुळे धरून बसले. मार्चमध्ये आयोगाने ‘दोन पाने’ पुन्हा गोठवली. जयललितांच्या रिकाम्या झालेल्या राधाकृष्णन नगर मतदारसंघात दिनकरन टोपी आणि पनीरसेल्वम गट विजेचा खांब घेऊन उतरले. पैसेवाटपाच्या आरोपांवरून ती निवडणूकच रद्द झाली. चिन्ह परत मिळवायचे तर दोन्ही गट एक व्हायला हवेत आणि एक व्हायचे तर शशिकलांचे कुटुंब बाहेर काढायला हवे. २१ ऑगस्टला तसेच झाले: पनीरसेल्वम उपमुख्यमंत्री झाले. सप्टेंबरमध्ये जनरल कौन्सिलने शशिकलांची नेमणूक रद्द केली आणि सरचिटणीसपद जयललितांसाठी कायमचे राखून ठेवले. दिनकरन यांच्या बाजूच्या अठरा आमदारांनी मुख्यमंत्र्यांवर विश्वास नसल्याचे पत्र राज्यपालांना दिले, तर विधानसभा अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवले. ज्या अकरा जणांनी सभागृहात उघड विरोधी मत दिले होते ते मात्र सहीसलामत राहिले, कारण ते आता सरकारात होते. नोव्हेंबरमध्ये ‘दोन पाने’ परत आली.

राधाकृष्णन नगरची लांबलेली पोटनिवडणूक २१ डिसेंबर २०१७ ला झाली. आदल्या दिवशी दिनकरन गटाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली: रुग्णालयातल्या पलंगावर जयललिता, हातात पेला, त्या काहीतरी पीत आहेत. १९८४ मध्ये अशीच फीत पक्षाने तात्काळ गावोगाव नेली होती. ही वर्षभराहून जास्त काळ दडवून ठेवली आणि घरातून बाहेर पडलेल्यांनी ऐन मतदानाच्या तोंडावर काढली. दिनकरन प्रेशर कुकरच्या चिन्हावर चाळीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मतमोजणी २४ डिसेंबरला झाली, एमजीआरच्या तिसाव्या स्मृतिदिनी. एका मतदारसंघाने त्यांना निवडले, पण सरकार हलले नाही. मे २०१९ मध्ये २२ पोटनिवडणुकांचे निकाल लागले तेव्हा अण्णा द्रमुकने नऊ जागा राखल्या, बहुमतासाठी तेवढ्या पुरल्या आणि पलानीस्वामी यांनी मे २०२१ पर्यंतची मुदत पूर्ण केली.

त्याच शहरात करुणानिधी ७ ऑगस्ट २०१८ रोजी गेले, तेही दीर्घ आजारानंतर. त्यांनी जानेवारी २०१७ मध्येच स्टालिन यांना कार्याध्यक्ष केले होते. दुसरा मुलगा अळगिरी यांना २०१४ मध्येच पक्षाबाहेर काढले होते. महिना उलटायच्या आत स्टालिन बिनविरोध अध्यक्ष झाले, एकही आमदार रिसॉर्टवर न्यावा लागला नाही. ही शांतता घराणेशाहीची किंमत मोजून आलेली आहे, हे विसरता येत नाही. मात्र हयातीत वारस ठरवण्याचे धाडस करुणानिधींनी केले, एमजीआर आणि जयललितांनी केले नाही, हेही तितकेच खरे.

जयललितांच्या मृत्यूची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती ए. आरुमुगस्वामी यांचा आयोग सप्टेंबर २०१७ मध्ये नेमला गेला. पनीरसेल्वम गटाची ही मागणी विलीनीकरणाच्या अटींपैकी एक होती. अहवाल यायला पाच वर्षे लागली. शशिकला आणि आणखी काही जणांची चौकशी करावी, अशी शिफारस आयोगाने २०२२ मध्ये केली; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने त्याच वर्षी उपचार वैद्यकीय रीतीला धरूनच झाल्याचे सांगितले. पंचाहत्तर दिवस दार बंद ठेवल्याने जो संशय तयार झाला, तो ना अहवालाने मिटला ना डॉक्टरांच्या प्रमाणपत्राने. रोज एक खरे पत्रक आणि एक फोटो, एवढ्यावर तो टळला असता, असे मला मनापासून वाटते. आणि तो टळला असता तर शशिकलांचे राजकारणही कदाचित टिकले असते.

पनीरसेल्वम आणि पलानीस्वामी यांची जोडगोळी सत्ता गेल्यावर सव्वा वर्षाच्या आतच फुटली. ११ जुलै २०२२ रोजी जनरल कौन्सिलने पलानीस्वामी यांना हंगामी सरचिटणीस केले आणि पनीरसेल्वम यांना पक्षातून काढले. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या फेब्रुवारीत ती बैठक वैध ठरवली आणि मार्च २०२३ मध्ये पलानीस्वामी बिनविरोध सरचिटणीस झाले. जयललितांसाठी कायमचे राखून ठेवलेले पद पाच वर्षांत पुन्हा खुले झाले होते. त्याच जुलैच्या बैठकीत नियमही बदलले गेले. सरचिटणीसपदाच्या उमेदवाराने पक्ष मुख्यालयातले पद किमान पाच वर्षे सांभाळलेले असावे, आणि दहा जिल्हा सचिवांनी त्याचे नाव सुचवावे, दहांनी अनुमोदन द्यावे.